चलन 'घसरलं' की समोरचं 'वधारलं'?

तुमचा प्रश्न असा की चलन पडलं की पहिलं पान आणि सावरलं की आत चार ओळी, हा पक्षपात मुद्दाम केलेला असतो का. मी अनेक वर्षं या बातम्यांची कात्रणं ठेवत आलोय. आकडा बहुतेक वेळा खराच असतो. बातमीचा कल ठरतो तो शब्दावरून आणि तुलना कुठल्या तारखेशी केली त्यावरून.

अवमूल्यन हा सरकारचा निर्णय असतो. नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनने पौंड २.८० डॉलरवरून २.४० वर आणला, ते अवमूल्यन. बाजारातल्या मागणी-पुरवठ्याने दर उतरतो ती घसरण. घसरणीला अवमूल्यन म्हटलं की ते कुणीतरी घडवून आणलंय असं वाचकाला वाटतं. सरकारवर नाराज असलेल्या पत्राला हा शब्द सोयीचा. सरकारच्या बाजूचं पत्र त्याच दिवशी 'डॉलर वधारला' असं छापू शकतं. टक्केवारीचंही तसंच. १९६७ मध्ये पौंड १४.३ टक्क्यांनी उतरला, पण पौंडात मोजला तर डॉलर १६.७ टक्क्यांनी महागला. दोन्ही आकडे बरोबर, मथळ्यासाठी कोणता घ्यायचा ते उपसंपादकाच्या हातात.

तारखेची निवड मला जास्त गंभीर वाटते. जुलै २०२२ मध्ये युरो डॉलरच्या बरोबरीला आला. 'वीस वर्षांतला नीचांक' हे खरंच होतं. पण ऑक्टोबर २००० मध्ये तो ०.८३ डॉलरच्याही खाली गेला होता. शिवाय २०२२ मध्ये येन आणि पौंडही डॉलरपुढे उतरत होते, कारण अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, व्याजदर झपाट्याने वाढवत होती. हे कारण बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात गेलं तर सगळा दोष एकट्या युरोपच्या माथी बसतो.

आणि बातमीत बोलतं कोण, तेही बघा. २०११ मध्ये एका डॉलरला जेमतेम ७५-७६ येन पडत, म्हणजे येन महाग, तेव्हा जपानी निर्यातदार हवालदिल. २०२४ मध्ये दर १६० च्या पलीकडे गेला, म्हणजे येन स्वस्त झाला, तेव्हा आयात महागल्याची ओरड. दोन्ही तक्रारी रास्तच. पण दर कुठेही गेला तरी कुणाचा तरी फायदा होतोच, आणि त्या माणसाकडे बातमीदार क्वचितच जातो.

मी स्वतः मथळा वाचला की बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स या मध्यवर्ती बँकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा व्यापारभारित दर उघडतो. त्यात एका डॉलरऐवजी व्यापारातल्या अनेक देशांच्या चलनांशी तुलना असते, आणि 'कोसळलं' म्हणून छापलेलं चलन तिथे बऱ्याचदा जेमतेम हललेलं दिसतं.