परिचर्येच्या आउसबिल्डुंगसाठी जर्मनीला निघण्यापूर्वी

ताई म्हणून तू मला लिहिलेस, म्हणून मीही मोकळेपणाने उत्तर देते. हडपसरला राहतेस, विज्ञान शाखेतून बारावी झाली आहेस, ‘नीट’च्या गुणांवर एमबीबीएसची जागा मिळत नाही आणि जर्मनीतील परिचर्येच्या तीन वर्षांच्या प्रशिक्षणाचा, म्हणजे आउसबिल्डुंगचा, विचार करते आहेस. किती जर्मन लागते, पहिले वर्ष कसे असते आणि यातून पुढे डॉक्टर होता येते का, हे तुझे तीन प्रश्न आहेत. मी कर्वेनगरची, हेच प्रशिक्षण पूर्ण करून आज बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातील एका रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात काम करते.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकी सारे त्यावर अवलंबून आहे. येथे वैद्यकीय शिक्षण विद्यापीठात होते, ते सहा वर्षांहून थोडे अधिक चालते आणि त्याची प्रवेशप्रक्रिया पूर्णपणे वेगळी आहे. प्रशिक्षणानंतर काही वर्षे नोकरी करून त्यासाठी अर्ज करता येतो, पण तेथेही जागांसाठी मोठी चुरस असते. एमबीबीएसला पर्याय म्हणून तू येथे येणार असशील, तर येऊ नकोस असे मी स्पष्ट सांगेन. परिचारिका व्हायचे असेल तरच ये.

आता हे काम म्हणजे काय ते नीट समजून घे. पुण्यातील रुग्णालयांत आपण जे पाहत मोठे होतो, त्यात सिस्टर सलाइन लावते, इंजेक्शन देते, फाइल लिहिते. रुग्णाचे अंग पुसणे, भांडे देणे, घास भरवणे ही कामे बहुतेक मावशी, मामा किंवा उशाशी बसलेले नातेवाईक करतात. येथे नातेवाईक भेटायला येतात आणि निघून जातात. मदतनीस असतात, परंतु अंगस्वच्छता हा परिचारिकेच्या कामाचाच भाग मानला जातो, आणि पहिल्या वर्षी तुझी सकाळ बहुतांशी त्यातच जाईल. माझ्याबरोबर आलेल्या दोन मुली एवढ्यावरूनच निराश झाल्या. मला मात्र हळूहळू त्याचे मोल कळले. पाठ पुसताना माकडहाडावरची लाली दिसते, ती बोटाने दाबून पांढरी होते की नाही हे पाहता येते आणि शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) होण्याआधीच रुग्णाची कूस बदलण्याचे वेळापत्रक ठरवता येते. पाय धुताना घोट्याची सूज कालपेक्षा वाढली आहे हे हाताला कळते. कुशीवर वळवताना धाप लागली तर ती डॉक्टरांच्या फेरीआधी आपल्यालाच समजते. हे पुस्तकातून शिकता येत नाही. निघण्यापूर्वी ओळखीच्या एखाद्या रुग्णालयात परवानगी घेऊन निदान दोन आठवडे मावशींच्या हाताखाली काम करून पाहा.

भाषेचे म्हणशील तर कागदावरचे उत्तर सोपे आहे: बहुतेक संस्था बी-२ पातळी (ए-१ ते सी-२ या सहा पायऱ्यांतील चौथी) मागतात, आणि ग्योथे इन्स्टिट्यूटच्या त्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन व संभाषण या प्रत्येक भागात १०० पैकी ६० गुण लागतात. बोट क्लब रस्त्यावरच्या माक्स म्युलर भवनात, म्हणजे त्याच इन्स्टिट्यूटच्या पुण्यातील केंद्रात, शिकून मी ती उत्तीर्ण झाले होते, आणि तरीही पहिल्या महिन्यात एका आजींचे वाक्य मला चुकीचे समजले. त्या म्हणाल्या, ‘मीर इस्ट श्लेष्ट’. ‘श्लेष्ट’ म्हणजे वाईट एवढेच मला माहीत होते. त्यांना वाईट वाटते आहे असे समजून मी त्यांचा हात धरून बसले. त्या वाक्याचा अर्थ ‘मला मळमळते आहे’ असा होतो, हे मला त्यांना उलटी झाल्यावर समजले. शिवाय आमच्या भागातील श्वाबियन बोलीत ‘फूस’ म्हणजे केवळ पाऊल नव्हे, तर पूर्ण पाय. पोटरीतील दुखण्यामागे रक्ताची गुठळी असू शकते, म्हणून ‘नक्की कोठे दुखते ते दाखवा’ असे विचारण्याची सवय मी स्वतःला लावून घेतली. प्रमाणपत्र मिळाल्यावर विमानाच्या तारखेपर्यंत सराव बंद करू नकोस. विशेषतः केवळ ऐकून टिपणे काढण्याचा सराव कर, कारण पाळी बदलताना वीस रुग्णांची माहिती काही मिनिटांत सांगितली जाते.

प्रशिक्षणाची रचना २०२० साली लागू झालेल्या कायद्याने ठरली आहे: शाळेत २,१०० तास, प्रत्यक्ष कामाचे २,५०० तास. त्यात रुग्णालय, वृद्धाश्रम, घरोघरी जाऊन करायची सेवा, बालरुग्ण आणि मानसोपचार असे सारे विभाग येतात. शेवटी तीन लेखी परीक्षा, एक तोंडी आणि एक प्रत्यक्ष रुग्णांसमोर असते. पहिले सहा महिने परिवीक्षेचे असतात, आणि त्या काळात कोणतीही बाजू करार सोडू शकते.

तू विद्यार्थिनी असशील, पण कर्मचारीही असशील. शुल्क सहसा नसते, उलट वेतन मिळते. सार्वजनिक वेतनश्रेणीत २०२४ साली पहिल्या वर्षाला कपातीपूर्वी महिना सुमारे १,३४० युरो होते. त्यातील साधारण पाचवा हिस्सा विमा व निवृत्तिवेतनात जातो, उरलेल्यातून भाडे द्यायचे. म्हणून ‘जागा मिळवून देतो’ म्हणत कोणी लाखो रुपये मागत असेल तर तेथून उठून ये. माझ्या घरच्यांनी अशा एका मध्यस्थाला पैसे दिले होते. त्याने पाठवलेले अर्ज मी स्वतः रुग्णालयांच्या संकेतस्थळांवरून पाठवू शकले असते, आणि नंतर तसेच केले.

तुझ्या मोठ्या बहिणीने जीएनएम, म्हणजे भारतातील नर्सिंगची पदविका, पूर्ण केली आहे असे तू लिहिलेस. तिने पुन्हा तीन वर्षे प्रशिक्षण घेऊ नये. तिच्यासाठी पात्रतेला मान्यता मिळवण्याचा, म्हणजे ‘आनेर्केनुंग’चा, मार्ग आहे. आणि एक गोष्ट तुम्हा दोघींच्या आईवडिलांनाही सांग: येथील पात्रतेवर भारतात परतून काम करायचे असेल, तर परिचर्या परिषदेची नोंदणी आपोआप मिळत नाही.

करार हाती आला की सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी विचारून घे: राहण्याची खोली रुग्णालय देते का व भाडे किती, सकाळची पाळी सहाच्या सुमारास सुरू होते तेव्हा तेथून पहिली बस मिळते का, आणि वॉर्डात शिकवण्यासाठी नेमलेली व्यक्ती कोण. कायद्याने प्रत्यक्ष कामाच्या किमान दहा टक्के वेळ असे मार्गदर्शन मिळायलाच हवे. उत्तरे आली की मला पाठव, आपण ती एकत्र वाचू.