मानेतल्या गाठीत सुई टोचली तर कॅन्सर पसरतो का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ५८ वर्षांचे, तंबाखू खातात, मानेला महिन्याभरापासून न दुखणारी गाठ आहे, म्हापशाच्या डॉक्टरांनी एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) करायला सांगितलंय आणि मामा म्हणतात सुई लावू नका, पसरेल, सरळ कापूनच काढा. मी गोव्यातच पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, या स्लाइड करणं माझं रोजचं काम, म्हणून सांगते, मामा काळजीपोटीच बोलतायत पण आधी सुईच लावा.

ही सुई २२ ते २५ गेजची असते, म्हणजे रक्त काढतात तेवढीच किंवा त्याहून बारीक. तिच्यामुळे कॅन्सर पसरणं फारच विरळ. उलट तोंडातला किंवा घशातला कॅन्सर मानेतल्या गाठीत उतरलेला असेल आणि कुणी तपासणी न करताच ती कापून काढली, तर तिथले थर बिघडतात आणि पुढचं खरं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. ही पद्धत काही काल-परवाची नाही, न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलचे सर्जन हेज मार्टिन यांनी १९३० मध्ये ती छापली, आणि सोबत नाव होतं एडवर्ड एलिस यांचं, जे लॅब टेक्निशियन होते, मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

करताना खांद्याखाली उशी देऊन झोपवतात, गाठ दोन बोटांत धरतात आणि सुई आत हलवून घेतात, तेवढा वेळ बाबांनी गिळायचं नाही, बोलायचं नाही, बस. सुईत जेमतेम थेंबभर येतं. ते काचेवर पसरलं की काही स्लाइड लगेच स्पिरिटमध्ये टाकायच्या, उशीर झाला तर पेशी सुकून फुगतात आणि केंद्रक नीट दिसत नाही, बाकीच्या मुद्दाम हवेत सुकवायच्या कारण त्यांचा रंग वेगळा. पिवळट, पूसारखं आलं तर टीबीच्या तपासणीलाही पाठवतात, आपल्याकडे मानेतल्या गाठी टीबीच्याही भरपूर असतात, त्यामुळे आत्ताच कॅन्सरच आहे असं धरून घरात रडारड नको.

आता रिपोर्टचं नीट ऐका. ‘पेशी अपुऱ्या’ आलं तर तो नॉर्मल रिपोर्ट नव्हे, परत करायचं, सोनोग्राफीत बघून केलं तर अजून चांगलं. नुसतं पाणी आलं आणि ‘साधी सिस्ट’ लिहिलं तरी चाळिशीनंतर त्यावर गप्प बसू नका, कॅन्सरची गाठसुद्धा आतून पाण्याने भरते. लिम्फोमाची (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरची) शंका लिहिली तर मात्र बहुतेक वेळा अख्खी गाठ काढून तपासावी लागते, तिथे सुई पुरत नाही. आणि रिपोर्ट काहीही येवो, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून तोंड, जिभेचा मागचा भाग, घसा दुर्बिणीने बघून घ्याच, कारण कॅन्सर असेल तर गाठ मानेत दिसली तरी मूळ बहुतेकदा तोंडात-घशातच असतं.

उपाशी जायची गरज नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. गाठीला नाडीसारखे ठोके लागत असतील तर तेही आधीच सांगा, मग सुईआधी स्कॅन करतात. पुढे गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बांबोळीला जावं लागलं तर रिपोर्टसोबत स्लाइडही मागून घ्या, तिथले डॉक्टर त्या परत बघू शकतात आणि बाबांना दुसऱ्यांदा टोचून घ्यावं लागेलच असं नाही.