हळद आणि हळदीची कॅप्सूल: सुरक्षिततेचा हिशोब वेगळा

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी दिरांनी अमेरिकेहून कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकाच्या, कॅप्सूल आणल्यात, सासूबाईंना वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध चालू आहे आणि घरात सगळे म्हणतायत, "हळदच तर आहे!" तर द्याव्यात का, असा तुमचा प्रश्न. वनस्पतींचे अर्क तपासण्यात माझी नोकरीची बरीच वर्षं गेली, त्यावरून सांगतो: डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही देऊ नका.

पिढ्यान् पिढ्या खातोय हा पुरावा मी कमी लेखत नाही. पण तो ज्या रूपात आणि जेवढं खाल्लं, तेवढ्यापुरताच. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. दिवसभरात आमटी-भाजीतून दोन ग्रॅम हळद पोटात गेली, तर कर्क्युमिन झालं ६० मिलिग्रॅम. तुम्ही दिलेल्या लेबलवर ५०० मिलिग्रॅम अर्क, त्यात ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स (कर्क्युमिन आणि त्याचे भाऊबंद), दिवसाला दोन कॅप्सूल. म्हणजे ९५०! वर मिरीतलं पायपरिन. एरवी कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं, तेव्हा माणसांत हे शोषण वीसपट वाढलेलं दिसलं. कंपन्या हा आकडा जाहिरातीत मिरवतात. माझ्या मते आजीच्या हळदीचा दाखला नेमका इथेच संपतो.

मग मर्यादा किती? खाद्यरंग म्हणून कर्क्युमिनचं रोज आयुष्यभर चालेल असं माप ठरलेलं आहे, वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम. उंदरांना ज्या डोसपर्यंत अपाय झाला नाही, त्याला शंभराने भागून ते काढलंय. साठ किलोच्या बाईला १८० मिलिग्रॅम. ते ओलांडलं म्हणजे लगेच विष झालं असं नाही, पण सुरक्षिततेसाठी राखलेली जागा आपण खाल्ली एवढं नक्की.

आणि उंदरांवरच्या चाचणीत न सापडणारा धोका वेगळाच. २०१९ साली इटलीत हळदीच्या सप्लिमेंट्स घेणाऱ्यांमध्ये यकृताला सूज आल्याच्या केसेस एकामागून एक आल्या. भेसळ असणार, असंच सगळ्यांना वाटलं. तपासणीत तसं काही निघालं नाही. पुढे अमेरिकेत अशाच दहा रुग्णांचा अभ्यास झाला, त्यातल्या सात जणांत एचएलए-बी*३५:०१ हा एकच जनुकीय प्रकार सापडला. म्हणजे हजारोंना काही होत नाही आणि एखाद्याला कावीळ होते. तो एखादा कोण, हे आधी कळायला मार्ग नाही. आपल्याकडे कोविडच्या काळात गुळवेलीचं हेच झालं. २०२० च्या शेवटी मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तेव्हा वनस्पतीच्या ओळखीवरच शंका घेतली. ती शंका अगदीच गैरलागू नव्हती, कारण गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या वेली आहेतच. म्हणूनच डब्यावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव आणि मूळ, खोड की पान हे लिहिलेलं नसेल, तर मी तो डबा परत ठेवतो. शिसं, कीटकनाशकं वगैरेंचा बॅचनिहाय अहवाल मागून पाहा. चांगली कंपनी देते.

पण तुमच्या बाबतीत हे सगळं बाजूला ठेवलं तरी वॉरफेरिन उरतंच. न्यूझीलंडमध्ये २०१८ साली वॉरफेरिन घेणाऱ्या एका रुग्णाने हळदीचं सप्लिमेंट सुरू केलं आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप, दहाच्या वर गेला; हा आकडा जितका जास्त तितका रक्तस्रावाचा धोका. बहुतेकांना तो दोन ते तीनमध्ये ठेवतात, यावरून काय ते समजा. पायपरिन इतर औषधांचंही रक्तातलं प्रमाण वाढवू शकतं. रक्तदाबाचं प्रोप्रॅनोलॉल आणि फिट्सवरचं फेनिटॉइन यांच्या बाबतीत ते दिसलेलं आहे.

दीर जरा नाराज होतील, होऊ देत. कॅप्सूल आधीच सुरू झाल्या असतील तर थांबवा, डॉक्टरांना आजच फोन करून सांगा आणि आयएनआर कधी करायचा ते विचारा. जाताना बाटली बरोबर न्या, "हळदीचं काहीतरी" एवढं सांगून भागत नाही. लघवी चहासारखी गडद होणं, अंगाला खाज, डोळे पिवळे दिसणं, यातलं काही असेल तर लिव्हर फंक्शन टेस्ट लगेच. भाजीतली हळद नेहमीसारखी चालू दे.