टोरंटोची आगोट: ऑक्टोबरात येणाऱ्या शिडाच्या हौशी माणसासाठी

नमस्कार,

तुमचा प्रश्न वाचला. पीआर, म्हणजे कॅनडाचा कायम रहिवासाचा परवाना, हातात आहे, सप्टेंबरअखेर टोरंटोला पोचताय, सोबत वहिनी आणि नऊ वर्षांची मुलगी. मुंबईत दहा वर्षं हौसेनं एंटरप्राइज ही छोटी शिडाची होडी चालवलीत. आता कुणीतरी सांगितलंय की तिकडे ऑक्टोबरात शिडाच्या होड्यांचे क्लब बंद होतात, मेपर्यंत पाण्याचं नाव काढू नका. म्हणून यायचंच एप्रिलवर ढकलावं का, आणि येताना सामान काय आणावं, असं तुम्ही विचारलंय. मी मूळची अलिबागजवळची. टोरंटोत चौदा वर्षं झाली, त्यातली अकरा वर्षं ऑक्टोबर महिना क्लबाच्या यार्डातच गेलाय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

यायचं अजिबात पुढे ढकलू नका. आपल्याकडे मिरगाआधी आगोटीची धांदल असते. होड्या वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या, इंजिनं उतरवायची, मग जाळी घेऊन बसायचं. त्या पंधरवड्यात अख्खा पाडा एकमेकांच्या होडीला खांदा लावतो. एकदा नारळी पौर्णिमा झाली की जो तो आपल्या होडीत. टोरंटोत ती आगोट ऑक्टोबरात येते. मुंबईत पावसाळा संपून शिडं वर चढतात, नेमक्या त्याच दिवसांत इथे उतरतात. आणि नवीन माणसाची खरी गरज क्लबाला तेव्हाच असते. जुलैत गेलात तर लोक गोड हसतील आणि आपापल्या होडीत बसून निघून जातील. ऑक्टोबरात हातमोजे घालून उभे राहिलात तर दुपारपर्यंत दहा जणांना तुमचं नाव पाठ होतं. मी स्वतः अशीच क्लबात शिरले.

आधी क्लब कुठला, ते. इथे दोन तऱ्हा आहेत. एक मोठे यॉट क्लब, रॉयल कॅनेडियन यॉट क्लब (१८५२) किंवा टोरंटो आयलंडवरचा क्वीन सिटी (१८८९) यांसारखे. त्यांत काही फार महागडे, काही सभासदांच्या श्रमावर चालणारे. दुसरे आउटर हार्बर या बाहेरच्या बंदराच्या काठावरचे छोटे सामुदायिक क्लब: रेगाटा रोडवर वेस्टवुड, सेंट जेम्स टाउन, मूरडेल असे शेजारी शेजारी आहेत. तुम्ही यांच्यापासून सुरुवात करा. होड्या क्लबाच्या असतात, सभासद त्या पाळीपाळीनं वापरतात, शिकवतात सभासदच, दुरुस्तीही सभासदच करतात. वर्षाची वर्गणी काही शे डॉलर. मोठ्या क्लबात होडी ठेवायची तर गोष्ट हजारांत जाते. नोकरी लागायच्या आधी हजारांच्या वाटेला जाऊ नका. इथली मुख्य होडी अल्बाकोर. ती पंधरा फुटी, म्हणजे तुमच्या एंटरप्राइजपेक्षा पावणेदोन फूट लांब. दोन शिडं, दोन माणसं. तुम्हाला ती पहिल्याच दिवशी ओळखीची वाटेल.

आउटर हार्बर कसा झाला हे ऐकण्यासारखं आहे. १९५९ साली सेंट लॉरेन्स सीवे, म्हणजे समुद्रातून इथल्या पंचसरोवरांत (ग्रेट लेक्स) यायचा जहाजमार्ग, उघडला, तेव्हा शहराला वाटलं की समुद्रातली जहाजं आता रांग लावून येणार. म्हणून इमारतींचा राडारोडा सरोवरात टाकत पाच किलोमीटर लांब बांध घातला, तो लेस्ली स्ट्रीट स्पिट. जहाजं काही त्या संख्येनं आली नाहीत. बांधावर रानटी झाडं उगवली, पाणकावळ्यांची प्रचंड वसाहत झाली आणि आतल्या शांत पाण्यात शिडाच्या होड्या आल्या. सप्टेंबरात तिथे मोनार्क फुलपाखरं दक्षिणेच्या वाटेवर थांबतात. मुलीला पहिल्याच शनिवार-रविवारी घेऊन जा. स्पिटवर मोटारी चालत नाहीत, सायकल चालते.

आता पाणी. तुम्हाला भरती-ओहोटीची सवय आहे, इथे ती नाहीच म्हणा. पण पातळी ऋतूप्रमाणे बदलते: जूनच्या सुमारास सर्वांत वर आणि वर्षाच्या शेवटाकडे खाली. उन्हाळ्यात बिनधास्त ओलांडलेल्या उथळ जागी ऑक्टोबरात सेंटरबोर्ड, म्हणजे होडीच्या पोटातून पाण्यात सोडलेली फळी, घासतो. आणि याला 'लेक' म्हणतात म्हणून पवई तलाव डोळ्यांसमोर आणू नका. लेक ओंटारिओ सुमारे १९,००० चौरस किलोमीटरचं आहे, क्षेत्रफळानं महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याहूनही मोठं, आणि जास्तीत जास्त खोली २४४ मीटर. शरद ऋतूत वारा वाढतो, वायव्येचे झोत येतात. नोव्हेंबरची वादळं या पंचसरोवरांवर कुप्रसिद्ध आहेत. १० नोव्हेंबर १९७५ ला लेक सुपीरिअरमध्ये एडमंड फिट्झजेराल्ड हे २२२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज बुडालं, २९ जणांपैकी एकही वाचला नाही. आपण छोट्या होडीतून बांधाच्या आडोशाला फिरतो हे खरं, पण वारा तोच असतो.

पण एवढं असूनही सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचे दिवस मला वर्षातले सर्वांत आवडते. हवा कोरडी, पाणी उन्हाळ्याची ऊब थोडी धरून, काठावरचे मेपल लाल झालेले. शर्यतींची शरद मालिका चालू असते आणि विद्यार्थी कॉलेजात परतल्यानं क्रू कमी पडतो. क्लबाला आधीच लिहून ठेवा की 'दहा वर्षांचा अनुभव, क्रू म्हणून यायला तयार'. तुमच्यासारख्या माणसाला जागा मिळायला वेळ लागणार नाही. मात्र घड्याळ सांभाळा. ऑक्टोबरच्या मध्याला साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली की पाचला अंधार.

थंड पाण्याबद्दल मात्र मी तुम्हाला अगदी हात धरून सांगते, कारण हे मुंबईत कुणी शिकवत नाही. माझ्या दुसऱ्या वर्षी, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात, मी जीन्स आणि सुती स्वेटर घालून होडी धक्क्याला बांधायला वाकले आणि पाण्यात गेले. लाइफजॅकेट अंगात होतं म्हणून हे लिहिते आहे. पोहणं मला चौथीपासून येतं. पण पाण्यात पडताक्षणी छाती आवळली, श्वास आत जाईना की बाहेर येईना, नुसती धाप. कुणीतरी वरून ओरडत होतं, "फक्त श्वास घे, बाकी काही करू नकोस." मिनिटाभरात श्वास ताळ्यावर आला. शिडीपर्यंत दोन हात अंतर होतं. तिथे पोचले तर शिडीचा गज बोटांना कळेना. आपलीच बोटं, डोळ्यांना दिसत होती, पण धरत नव्हती. दोघांनी जॅकेटचे पट्टे धरून वर ओढलं.

त्यानंतर शिकले तो १-१०-१ चा नियम, मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीझब्रेख्ट यांनी तो रुजवला. बर्फासारख्या पाण्यात पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे माणूस गारठून मरण्याच्या खूप आधी हात निकामी होतात, आणि जॅकेट नसेल तर तिथेच बुडतो. शिवाय फक्त तारखेवर जाऊ नका. दोन दिवस पश्चिमेचा जोरदार वारा लागला की या उत्तर काठावरचं वरचं पाणी आत ढकललं जातं आणि खालचं गार पाणी वर येतं. ऑगस्टमध्येसुद्धा एका रात्रीत पाणी अंगावर काटा येईल इतकं गार झालेलं मी पाहिलंय. निघण्याआधी हवेचं नव्हे, पाण्याचं तापमान बघायचं.

म्हणून सामानाचं उत्तर सोपं आहे. लाइफजॅकेट तिकडून आणू नका; इथल्या रहिवाशाला होडीत प्रत्येक माणसामागे कॅनडाची मान्यता असलेलं आणि मापाचं जॅकेटच लागतं, तुमचं कितीही चांगलं असलं तरी ते धरत नाहीत. सुती कपडे पाण्यावर नाहीत. लोकरीचे पातळ आतले कपडे मिळाले तर आणा. ड्रायसूट, म्हणजे आत पाणी शिरू न देणारा अंगभर पोशाख, इथे येऊन जुना घ्या, क्लबाच्या फळ्यावर शरद ऋतूत विकायला निघतात. गळ्याचं आणि मनगटाचं रबर फाटलेलं नाही ना एवढं ताणून बघा. स्वतःचा शिडाचा चाकू, हातमोजे आणि मुंबईतल्या क्लबाचं अनुभवाचं पत्र मात्र जरूर आणा.

कागदपत्रं फार नाहीत. इंजिन नसलेली शिडाची होडी चालवायला कार्ड लागत नाही. इंजिन लावलंत, अगदी छोटं बाहेर टांगायचं असलं तरी, प्लेझर क्राफ्ट ऑपरेटर कार्ड लागतं. परीक्षा ऑनलाइन होते आणि कार्ड आयुष्यभर चालतं. होडीवरून बोलायच्या व्हीएचएफ रेडिओचं प्रमाणपत्र वेगळं, ते हिवाळ्यात करा.

आता होड्या वर काढायचा दिवस, ज्याला सगळे हॉलआउट म्हणतात. आमच्या क्लबात तो थँक्सगिव्हिंगनंतर येतो, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारनंतर. आदल्या आठवड्यात डोलकाठ्या उतरवतात. सकाळी सातला क्रेन येते. मी आणि दोन मैत्रिणी मिळून एक शार्क २४ सांभाळतो, १९५९ मध्ये जॉर्ज हिंटरहोलर यांनी आखलेली, इथल्या पाण्यात मुरलेली होडी. ती टनभर वजनाची, पण मागे आठ-आठ टनांच्या रांगेत असतात. होडीच्या पोटाखालून दोन पट्टे घालतात, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, एक दोरी, मागे एक दोरी, दोन्हीकडे एकेक माणूस. होडी पाण्याबाहेर आली की वाऱ्यानं गरगरायला बघते. दोरीवाल्यांनी तिला सरळ धरायचं. नवीन माणसाला हेच काम देतात. नजर फक्त फोरमनच्या हातावर ठेवायची, टांगलेल्या होडीखाली कधीही जायचं नाही, आणि दोरी मनगटाला गुंडाळायची नाही.

होडी लोखंडी घोडीवर टेकायच्या आधीच तिचं पोट जोराच्या पाण्यानं धुतात. झेब्रा शिंपले आणि हिरवा चिकटा ओला असतानाच निघतो, वाळला की तासावा लागतो. सगळीकडे चिखलाचा आणि शेवाळाचा वास. तो वास आला की मला आमच्या पुळणीवरच्या मे महिन्याची आठवण येते, फक्त खार नसते. क्लबघरात कुणीतरी मोठं पातेलंभर सूप करतं. दिवाळी त्याच दिवसांत येते म्हणून मी चकल्या आणि शंकरपाळ्यांचा डबा नेते, आणि क्रेनवाला आता मला आधी डब्याबद्दल विचारतो. वहिनी आणि मुलगी दोघींनाही घेऊन या. मुलांना सुरक्षित बाजूला दोऱ्या गुंडाळायचं, शिडं घडी करायचं काम असतं.

नंतरचं शाकारणं आपल्यापेक्षा वेगळं. आपल्याला पावसापासून लाकूड राखायचं असतं, इथे बर्फापासून नळ्या राखायच्या. पाणी गोठताना फुगतं आणि जिथे अडकलं असेल तिथे फोडतं. टाकी, पंप, संडासाची नळी सगळं रिकामं करून त्यांतून न गोठणारं गुलाबी अँटिफ्रीझ सोडायचं, दुसऱ्या टोकाला गुलाबी धार दिसेपर्यंत. एका वर्षी आम्ही हातपंपात पेलाभर पाणी राहू दिलं. एप्रिलमध्ये त्याचं घर उभं चिरलेलं. बॅटरी काढून घरी न्यायची. ताडपत्री उताराची बांधायची, बर्फ साचला की सपाट ताडपत्री फाटते. क्लबाच्या छोट्या होड्या उलट्या करून रॅकवर चढवतात, त्यात तुमचे हात आठवड्याभरात सरावतील.

काही क्लबांत यानंतरही फ्रॉस्टबाइट म्हणतात त्या थंडीतल्या शर्यती होतात. पहिल्या वर्षी त्या काठावरून बघा, किंवा सुरक्षा बोटीत बसा. हिवाळ्यात क्लबघरात गाठींचे, शर्यतीच्या नियमांचे वर्ग असतात, जानेवारीत एक्झिबिशन प्लेसला बोट शो असतो. आतलं बंदर गोठतं. त्यावर पात्यांवर घसरणाऱ्या शिडाच्या गाड्या धावताना दिसल्या तर बघत राहावंसं वाटतं, पण जाणत्या माणसाशिवाय बर्फावर पाय ठेवू नका. मुलीच्या उन्हाळी सेलिंग कँपची नोंदणी फेब्रुवारीतच करा, मेमध्ये जागा उरत नाहीत. नऊ वर्षं म्हणजे ऑप्टिमिस्टसाठी, मुलांच्या छोट्या होडीसाठी, अगदी योग्य वय आहे.

विमानाची तारीख नक्की झाली की कळवा. पुढून लोखंड असलेले बूट इथे आल्यावर घेऊ, तुमच्या पायाचं माप तेवढं पाठवून ठेवा.