नजर ६/६ असूनही वडिलांना समोरचा डबा का दिसत नाही?

तुमचे वडील ७१ वर्षांचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, नजर ६/६. तरी फळीवरचा डबा सापडत नाही, आणि बाजूने येणारी दुचाकी अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. मुद्दाम लक्ष देत नाहीत का, असं तुम्ही विचारलंय. नाही हो. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी आहे, आणि तरीही ‘समोर तर आहे, नीट बघ ना’ हे वाक्य माझ्या आईला मी कितीदा तरी ऐकवलंय. त्याचं आजही वाईट वाटतं.

६/६ कसं ठरतं ते बघा. पांढऱ्यावर काळी ठळक अक्षरं, जागची न हलणारी, शांत खोली, हवा तेवढा वेळ. रस्त्यावर यातलं काहीच नसतं.

थोडा भाग डोळ्याचा. ऑपरेशनमध्ये पिवळं पडलेलं भिंग गेलं, तेवढा उजेड वाढला. पण वयानुसार बाहुली लहानच राहते, अंधारात पूर्वीसारखी मोठी होत नाही. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशीही कमी होतात. म्हणून उन्हातून जिन्यात शिरल्यावर त्यांना थांबावं लागतं. थांबू द्या.

मोठा भाग लक्षाचा. मान न वळवता एका नजरेत जेवढं टिपता येतं, तो घेर वयाबरोबर आकसतो; गर्दी असली किंवा एकाच वेळी दोन गोष्टी बघायच्या असल्या की आणखीच. अमेरिकेत कार्लीन बॉल आणि सिंथिया ऑस्ली या संशोधकांनी हा घेर मोजला. पडद्याच्या मध्यभागी एक चित्र ओळखायचं आणि त्याच क्षणी कडेला काय चमकलं तेही सांगायचं. पुढे तिथल्याच २,८३२ ज्येष्ठांवरच्या ‘ॲक्टिव्ह’ अभ्यासात काहींना अशाच सरावाची साधारण १० सत्रं दिली. त्या गटातल्या गाडी चालवणाऱ्यांकडून स्वतःच्या चुकीने झालेले अपघात पुढच्या सहा वर्षांत सराव न केलेल्यांपेक्षा जवळपास निम्म्याने कमी होते. मला हे फार दिलासा देणारं वाटतं.

आणि एक गोष्ट बऱ्यापैकी शाबूत राहते: काय शोधायचं, कुठे शोधायचं हे आधी कळलं की नजर नेमकी तिथे जाते. म्हणून ‘तिकडे आहे’ म्हणू नका. ‘बाबा, मधल्या फळीवर, डावीकडे, लाल झाकणाचा’ असं सांगा. आईच्या एकसारख्या स्टीलच्या डब्यांची झाकणं मी रंगीत केली, फळीवरची निम्मी भांडी हलवली आणि ओट्यावर दिवा लावला. तिची शोधाशोध खरंच कमी झाली.

एक तपासणी मात्र टाळू नका. काचबिंदूतही कडेचं दिसणं जातं आणि तक्त्यावर नजर ६/६ येऊ शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांना ‘व्हिज्युअल फील्ड’ची, म्हणजे कडेचं कुठवर दिसतं याची तपासणी करायला सांगा, याच महिन्यात.

रस्त्याला माझ्याकडे सोपा उपाय नाही. संध्याकाळी आई बाहेर पडली की गाड्या येतात त्या बाजूला मी चालते, आणि ओलांडताना गप्पा थांबवते.