बारा माणसांच्या मशीन शॉपला मॅनेजर ठेवावा का?

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात तुमचे मशीन शॉप आहे, बारा माणसे आहेत, कोटेशनपासून डिस्पॅचच्या चलनापर्यंत सगळे तुमच्याच हातून जाते, वेळेअभावी नवीन ऑर्डर परत पाठवावी लागते, आणि महिना ४५,००० रुपये मागणारा एक अनुभवी मॅनेजर ठेवावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी शिरोलीत गेली २२ वर्षे फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) मशीनिंग करून देतो आणि याच टप्प्यावर बराच काळ अडकून पडलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

माझे मत असे की आज मॅनेजर ठेवू नका. त्याच्याकडे सोपवायचे काम अजून तुमच्या डोक्यातून बाहेरच आलेले नाही. कोणत्या ग्राहकाला कोणता दर, कोणत्या जॉबला कोणता इन्सर्ट (धातू कापणाऱ्या हत्याराचे बदलता येणारे टोक), कोणता पुरवठादार महिनाभर थांबतो, हे कुठेही लिहिलेले नसेल तर आलेला माणूस कितीही हुशार असला तरी दर अर्ध्या तासाने तुम्हालाच विचारायला येईल, आणि तीन महिन्यांनी तुम्ही म्हणाल की माणूसच बरोबर नव्हता.

त्याऐवजी पंधरा दिवस खिशात एक छोटी वही ठेवा आणि शॉपमध्ये जो कोणी जे काही विचारेल ते त्याच्या नावासह टिपून ठेवा. मी हे केले तेव्हा निम्म्याहून अधिक प्रश्न दोनच प्रकारचे निघाले. एक, 'इन्सर्ट संपलाय, काय करू?' आणि दुसरा, 'हा पीस चालेल का?' म्हणजे मला हवे होते स्टोअर आणि खरेदी बघणारा एक मुलगा आणि तपासणीला एक जाणता माणूस. या दोघांचा मिळून पगार एका मॅनेजरपेक्षा कमी होता आणि माझे दिवसाचे चार तास सुटले.

माणूस नेमणे त्यातल्या त्यात सोपे असते, त्याला दिलेला अधिकार टिकवणे मात्र फार अवघड असते. आमच्याकडे बेअरिंग हाउसिंगचा एक लॉट चालू होता, ८० मिलिमीटरचा बोअर (आतले गोल भोक) आणि ३० मायक्रॉनचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक. तपासनिसाने १० ते १५ मायक्रॉन मोठे झालेले ४० पीस लाल रंग लावून बाजूला काढले होते. संध्याकाळी मी आलो तेव्हा टेम्पो दारात उभा होता आणि ग्राहकाचे फोनवर फोन येत होते. मी सगळ्या ऑपरेटरांसमोर म्हणालो, "एवढं चालतंय, भरा." तो काही बोलला नाही, त्याने कापडाने बोअर गेज पुसला आणि पेटीत ठेवला. दोन आठवड्यांनी लॉट परत आला, त्याचे नुकसान झालेच. पण त्या संध्याकाळच्या दुसऱ्या दिवसापासूनच ऑपरेटर तपासनिसाला वळसा घालून थेट माझ्याकडे पीस घेऊन येऊ लागले, हे त्याहून मोठे नुकसान होते. ते भरून काढायला मला आठ महिने लागले. तेव्हापासून लाल रंगाचा पीस ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय आणि तपासनिसाच्या सहीशिवाय हलत नाही, आणि त्याबद्दल ग्राहकाचा फोन माझ्याकडे आला तरी मी तो त्याच्याच हातात देतो.

खरेदीचेही तसेच आहे. 'तू बघ' एवढे सांगून भागत नाही. मी सुरुवातीला ५,००० रुपयांपर्यंतची खरेदी न विचारता करायची मुभा दिली आणि सहा महिन्यांनी ती २५,००० केली. मात्र ऑर्डर देणारा, माल उतरवून मोजणारा आणि पैसे देणारा ही तीन माणसे वेगळी ठेवली. तुमच्या प्रश्नात तुम्ही 'विश्वासू माणूस हवा' असे सांगताना 'विश्वासू' हा शब्द चार वेळा वापरला आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडे विश्वासू म्हणजे भावकीतला किंवा पाहुण्यांतला असा अर्थ घेतला जातो, पण अशा माणसाला चूक दाखवणे आणि प्रसंगी काढणे दोन्ही अवघड होते, आणि बाकीचे त्याच्यासमोर तोंड उघडत नाहीत. व्यवस्था नीट असेल तर परक्या माणसावरही निर्धास्त राहता येते.

माणूस पारखायचा तो कामावरच. तपासणीसाठी येणाऱ्याला मी ड्रॉइंग आणि पाच पीस देतो, त्यातला एक चुकीचा असतो. तो सापडतो की नाही यापेक्षा, मोजण्याआधी तो पीस पुसतो का आणि मायक्रोमीटरचा झीरो तपासतो का, हे मी बघतो. १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली, तेव्हा दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम यांनी बाबुराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत एकमेकांचे काम वर्षानुवर्षे पाहिलेले होते. म्हणून कला फत्तेलालांकडे, दिग्दर्शन शांतारामांकडे अशी वाटणी त्यांना करता आली, असे मला वाटते. आपल्याला तशी संधी शिकाऊ उमेदवारांत मिळते. कळंब्याच्या आयटीआयमधून मुले घ्या. ४ ते २९ माणसांच्या कारखान्याला ते ऐच्छिक आहे, ३० पासून बंधनकारक होते. आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपये महिना, हिस्सा केंद्र सरकार देते. वर्षभर डोळ्यांसमोर राहिलेल्या मुलाबद्दल अंदाज सहसा चुकत नाही. एक सावधगिरी मात्र बाळगा, उत्तम सेटर (मशीनवर जॉब लावून देणारा) उत्तम सुपरवायझर होईलच असे नाही, आणि बढती देऊन आपण कधी कधी दोन्ही गमावतो.

खर्च मोजताना नुसता पगार धरू नका. दहा माणसांपासून ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा) लागू होते, वीसपासून पीएफ. पगार २०,००० असेल तर मालकाच्या ३.२५ टक्क्यांप्रमाणे ६५० रुपये, आणि पुढे वीस माणसे झाली की मूळ पगार १५,००० धरून पीएफचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये वाढतात. शिवाय आपली बहुतेक माणसे शेती सांभाळणारी आहेत. भाताच्या लावणीला किंवा उसाला तोड आली की ती येणार नाहीत, म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या कामाला दुसरा हात तयार असलाच पाहिजे.

त्या मॅनेजरला आत्ता नाही म्हणा, पण संबंध ठेवा. स्टोअर आणि तपासणी सुरळीत झाली की पुढच्या जोतिबाच्या यात्रेला चार दिवस फोन घरी ठेवून जा. परत आल्यावर वहीत जे प्रश्न तुमच्यासाठी अडून राहिलेले दिसतील, तेच त्याच्या नेमणूकपत्रात कामाचे स्वरूप म्हणून लिहा.