मिठू आमच्या घरात ११ वर्षं आहे, आता शेजारी तक्रार करतो म्हणतोय

सांगलीच्या एका ताईंचा मेल आलाय. त्यांचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. त्यांच्या सासऱ्यांना ११ वर्षांपूर्वी गावाकडे वळवाच्या पावसात झाडाच्या ढोलीतून खाली पडलेलं पोपटाचं पिल्लू सापडलं, त्यांनी ते घरी आणलं, भिजवलेल्या डाळीचा लगदा बोटाने भरवून जगवलं आणि मग तो घरातलाच झाला. सासरे ३ वर्षांपूर्वी गेले. मिठू अजून त्यांच्याच आवाजात "अगं ए, चष्मा कुठाय माझा" म्हणतो आणि सासूबाई आतून "फळीवर आहे बघा" असं उत्तर देतात, रोज. आता पार्किंगवरून भांडण झालं आणि शेजारी म्हणतोय जागा सोडा नाहीतर फॉरेस्टवाल्यांना फोन करतो, त्यात सोसायटीने पण ७ दिवसांत पक्षी हलवा अशी नोटीस दिलीय. ताई विचारतात, हा खरंच गुन्हा आहे का, सासूबाईंना अटक होईल का, पिंजरा उघडून सोडून देऊ का, आणि एक माणूस १५ हजारात सर्टिफिकेट काढून देतो म्हणतोय ते घ्यावं का.

ताई, तुमचा मेल मी दोनदा वाचला आणि तो फळीवरचा चष्मा काही डोक्यातून जात नाहीये. पण गोल गोल बोलून तुमचं नुकसान करणार नाही. हो, गुन्हा आहे. आपला हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठ असलेला पोपट हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये येतो. आधी तो चौथ्या परिशिष्टात, म्हणजे कायद्याला जोडलेल्या प्राण्यापक्ष्यांच्या यादीत होता, २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली तेव्हापासून दुसऱ्या परिशिष्टात आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. विकत घेतला नाही, जीव वाचवला, ११ वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला, हे सगळं खरं आहे आणि ते तुमच्या बाजूने सांगताही येईल, पण त्याने पोपट तुमचा होत नाही. असा पिंजऱ्यात ठेवलेला वन्यजीव कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता ठरतो आणि तो कुठल्याही कारणाने हातात आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याला कळवायचं असतं. सासऱ्यांनी पिल्लू उचललं ते चांगलंच केलं, चूक झाली ती तिसऱ्या दिवशी, कळवलं नाही तेव्हा. आणि हे शंभरातल्या नव्व्याण्णव लोकांना माहीतच नसतं हेही मी रोज बघते.

इतकी वर्षं झाली, आता केस जुनी झाली असं तुमच्या दिरांनी सांगितलं असं तुम्ही लिहिलंय. तसं नाहीये. पक्षी घरात आहे तोवर गुन्हा रोज चालूच आहे असं धरतात, त्यामुळे मुदत संपली हा मुद्दा इथे टिकवणं अवघड आहे. उलट ताबा तुमच्याकडे आहे म्हटल्यावर तो कायदेशीर आहे हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं, बाकी गुन्ह्यांत असतं त्याच्या बरोब्बर उलटं.

आता त्या १५ हजारवाल्याचं. ताई, त्याला एक रुपया देऊ नका, दिला असेल तर पुढचा देऊ नका आणि त्याने पाठवलेल्या कुठल्याच फॉर्मवर सासूबाईंची सही घेऊ नका. देशी पोपट घरात पाळायला मिळतो असं सर्टिफिकेटच नसतं. हे लोक जो कागद दाखवतात तो बहुतेक वेळा परिवेश या केंद्र सरकारच्या पोर्टलवरचा असतो, तो आहे काही ठराविक परदेशी प्राण्यापक्ष्यांसाठी, म्हणजे आफ्रिकन ग्रे, मकाव, काकाकुवा वगैरे, ज्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते. त्याच्यावर आपल्या मिठूचं नाव घातलं तर तो खोटा कागद झाला आणि आज जो एक गुन्हा आहे त्याचे दोन होतील. माझ्याकडे असे कागद घेऊन लोक येतात, छान लॅमिनेशन केलेले असतात, आणि मला ते त्यांच्यासमोर बाजूला ठेवावे लागतात.

पिंजरा उघडून सोडून द्यायचं, हे कृपा करून करू नका. हे मी वकील म्हणून पण सांगतेय आणि घायाळ पक्षी बघितलेली बाई म्हणून पण. ११ वर्षं पिंजऱ्यात बसलेल्या पक्ष्याच्या पंखात ताकद राहिलेली नसते, खाणं शोधायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, मांजर आणि घार म्हणजे काय हे माहीत नाही, आणि माणूस दिसला की तो लांब पळायच्या ऐवजी जवळ जातो. दोन दिवसांत संपेल तो. आणि सोडून दिला म्हणून आधीचा गुन्हा पुसलाही जात नाही. तसंच गावी नणंदेकडे ठेवून येऊ, हेही नको, त्याने फक्त आणखी एक घर अडकतं.

मग करायचं काय, तर शेजाऱ्याने फोन करायच्या आधी तुम्हीच फोन करा. महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन आहे १९२६, किंवा सरळ तुमच्या भागातल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या, म्हणजे आरएफओंच्या ऑफिसात जा, पण हात हलवत जाऊ नका, दोन प्रतीत लेखी अर्ज घेऊन जा. त्यात खरं खरं लिहा, पिल्लू कुणाला, कुठे, साधारण कोणत्या साली सापडलं, कायदा माहीत नव्हता, आता कळल्यावर स्वतःहून पक्षी ताब्यात देत आहोत, त्याची तब्येत अशी अशी आहे, त्याला उपचार आणि पुनर्वसन केंद्रात ठेवावं ही विनंती. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका, पक्षी देताना पंचनामा होईल त्याची पण प्रत मागा. अर्ज द्यायच्या आधी तुमच्या इथल्या वकिलाला एकदा दाखवून घ्या, कारण हा तुमचा लेखी कबुलीजबाब असणार आहे, शब्द नीट पाहिजेत. कुणी सांगेल "काल बाल्कनीत सापडला असं लिहा", ते अजिबात लिहू नका. सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती देणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि जो पक्षी तुमच्या घरातल्या माणसांची नावं घेतो तो काल सापडला यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही.

अटकेची भीती. हात वर करून सांगते, काहीच होणार नाही अशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही, कायद्यात अशा घरांसाठी सरसकट माफी नाहीये. पण ७ वर्षांच्या आतल्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय, शिवाय इथे व्यापार नाही, पैसे नाहीत, म्हातारी बाई आहे आणि ती स्वतः चालत आलीय. कलम ५४ खाली दंड भरून प्रकरण तडजोडीने मिटवायची सोयही आहे, तो अधिकार वनखात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना असतो, ती विनंती पण तयार ठेवा. माझ्या अनुभवात स्वतःहून आलेल्या माणसाशी अधिकारी नीट वागतात, धाड टाकून पकडलेल्याशी बोलायची पद्धतच वेगळी असते.

सोसायटीच्या नोटिशीला दोन ओळींचं उत्तर द्या की विषय वनविभागाकडे लेखी कळवला आहे. चेअरमनना घरात घुसून पिंजरा उचलायचा अधिकार नाही, कुणी तसं केलं तर पोलिसांत जा. शेजाऱ्याचे धमकीचे मेसेज जपून ठेवा, पण त्याच्याशी भांडत बसून यातून सुटका नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याला २०१५ मध्ये एका वयस्कर बाईंनी तक्रार केली होती की सावत्र मुलाने पोपटाला आपल्याला शिव्या द्यायला शिकवलंय, पोलिसांनी पोपटासकट सगळ्यांना ठाण्यात बोलावलं, पोपट तिथे एक शब्द बोलला नाही, आणि शेवटी माणसांच्या भांडणात पोपट गेला वनखात्याकडे. अशा भांडणांचा शेवट बहुतेक असाच होतो.

तुम्ही मिठूचे रील टाकलेत असं लिहिलंय. नवीन टाकू नका. जुने घाबरून डिलीट पण करू नका, पुरावा नष्ट केला असं दिसायला नको, स्वतःहून सगळं सांगताय तर लपवायचं काही नाहीच.

तुम्ही रागाने विचारलंय की एका म्हातारीच्या पोपटाने जंगलाचं असं काय बिघडतं. ताई, तुमच्या पोपटाने नाही बिघडलं, पण दर वर्षी साधारण जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत ढोल्यांमधनं पिल्लं काढून, पिशव्यांमध्ये कोंबून बाजारात आणतात, पिसं पण फुटलेली नसतात, त्यातली कितीतरी वाटेतच मरतात. घेणारा म्हणतो मी तर प्रेमाने पाळणार आहे. मी एकदा जप्तीच्या पंचनाम्याला हजर होते, एका टोपलीत वरच्या पिल्लांच्या खाली दबलेली पिल्लं होती, ती मोजायला बाहेर काढली तेव्हा हातात गार लागत होती. तेव्हापासून या कायद्याला मी कडक म्हणत नाही.

जोवर तो तुमच्याकडे आहे तोवर चहा-बिस्किट, फरसाण, चॉकलेट बंद. पेरू, हिरवी मिरची, भिजवलेले हरभरे, मक्याचं कणीस द्या, नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर ठेवू नका, चरबी वाढून लिव्हर बिघडतं. नॉनस्टिक तवा रिकामा तापवत असाल तर पिंजरा स्वयंपाकघरापासून लांब, तो धूर पोपटाचा जीव घेतो. आणि एका कागदावर त्याच्या सवयी लिहून पिंजऱ्याबरोबर द्या, काय खातो, कशाला घाबरतो, रात्री पिंजऱ्यावर कापड टाकायचं की नाही, केंद्रातल्या माणसांना याचा फार उपयोग होतो. पुढे सासूबाईंना घरात पक्षी हवाच वाटला तर बजरीगर किंवा कॉकटिएल हे छोटे परदेशी पोपट पाळायला या कायद्याची अडचण नाही, पण त्याच दुकानात मागच्या बाजूला हिरवे पोपट विकत असतील तर तिथून घेऊ नका.

एक काम मात्र अर्ज द्यायच्या आधी करा. सकाळी तो बोलायच्या वेळेला फोन पिंजऱ्याजवळ ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि सगळ्यांनी खोलीबाहेर जा, फक्त सासूबाईंना आत राहू द्या. चष्मा कुठाय ते त्यांना सांगू द्या. मग अर्जाचा मसुदा मला पाठवा, मी बघून देते, त्याची फी नाही.